मनाचे आरोग्य आणि मनाचे स्वास्थ्य

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



साठ वर्षांच्या वाटचालीत शाळा पुष्कळ गोष्टींची नोंद ठेवते. जनरल रजिस्टर असते, हजेरीपट असतात, निकालपत्रके असतात. गुणानुक्रमे पहिल्या आलेल्यांची नावे सभागृहातील फलकावर रंगवली जातात. वैद्यकीय तपासणीच्या दिवशी उंची, वजन, दात आणि दृष्टी यांचे रकाने भरले जातात. त्या तक्त्यात मनाचा रकाना नसतो. कोणत्या वर्षी किती मुले उत्तीर्ण झाली, हे कोणतीही शाळा क्षणात सांगू शकेल. त्या मुलांपैकी किती जण मनाने सुखरूप होते, हे सांगणे कोणालाही कठीण आहे.

हीरक महोत्सव हा कौतुकाचा प्रसंग खरा. परंतु न भरलेल्या रकान्यांकडे पाहण्याचाही तोच प्रसंग असतो. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय आहे मनोविकार आणि मनस्वास्थ्य यांतील फरक. हा फरक केवळ शब्दांचा असता, तर तो भाषातज्ज्ञांवर सोपवून चालले असते. तो न कळल्यामुळे घराघरांत मुलांना चुकीची औषधे आणि चुकीचे उपदेश मिळतात. आजारी मुलाला उपदेश मिळतो, आणि नुसत्या थकलेल्या मुलावर आजाराचा शिक्का बसतो.

प्रारंभ आपल्या भाषेपासूनच करणे सोयीचे आहे. प्रकृतीसंबंधी मराठीत दोन शब्द सहजपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात: आरोग्य आणि स्वास्थ्य. 'आरोग्य' या शब्दाच्या मुळाशी 'अरोग' आहे, म्हणजे रोग नसणे. 'स्वास्थ्य' या शब्दाच्या मुळाशी 'स्वस्थ' आहे, म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर असणे. पहिला शब्द एखाद्या गोष्टीचा अभाव सांगतो, दुसरा एखाद्या गोष्टीचे अस्तित्व सांगतो. घरात चोर नाही याचा अर्थ घरात धान्य आहे असा होत नाही. त्याचप्रमाणे मनाला रोग नाही, याचा अर्थ मन स्वस्थ आहे असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ मध्ये अमलात आली. त्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना, केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती म्हणजे आरोग्य, असे स्पष्ट केले आहे. आपल्या भाषेतील दोन शब्दांत हा विचार आधीपासूनच साठवलेला आहे. आपण तो वेगळा करून पाहिला नाही, इतकेच.

समज असा असतो की मनोविकार आणि मनस्वास्थ्य ही एकाच काठीची दोन टोके आहेत. एका टोकाला वेड, दुसऱ्या टोकाला सुख, आणि उरलेली माणसे मध्ये कुठेतरी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी २००२ मध्ये या समजाला छेद देणारी मांडणी पुढे आणली. त्यांच्या मते या दोन स्वतंत्र रेषा आहेत. एका रेषेवर आजार आहे किंवा नाही हे पाहावे. दुसऱ्या रेषेवर मन बहरलेले आहे की कोमेजलेले, हे पाहावे. अमेरिकेतील प्रौढांच्या पाहणीतून त्यांना असेही आढळले की, बहरलेल्यांच्या तुलनेत कोमेजलेल्या माणसांना नैराश्याच्या आजाराची शक्यता सुमारे सहापट अधिक होती. म्हणजे रेषा दोन असल्या तरी त्या एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. दुसऱ्या रेषेकडे झालेले दुर्लक्ष पहिल्या रेषेवर फेडावे लागते.

ही मांडणी पुस्तकी वाटू नये म्हणून ती एका प्रत्यक्ष जागी नेऊन पाहणे बरे. जयपूर शहरात गोपालपुरा नावाचा भाग आहे. टोंक रोडकडून निघणारा गोपालपुरा बायपास, त्रिवेणीनगर, रिद्धी-सिद्धी चौक हा सारा परिसर आज शिकवणी वर्गांचा परिसर म्हणून ओळखला जातो. राजस्थान प्रशासकीय सेवा, शिक्षकभरती, पोलीसभरती, पटवारी, त्याबरोबरच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश, अशा सर्व परीक्षांची तयारी येथे होते. इमारतींवर यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे मोठमोठे फलक, गल्लीबोळांत वसतिगृहे आणि पीजीच्या खोल्या, डबेवाले, झेरॉक्सची दुकाने, आणि महिन्याच्या भाड्याने बसण्याची जागा देणाऱ्या 'लायब्रऱ्या'. नाव लायब्ररीचे असले तरी तेथे पुस्तके नसतात. एक खुर्ची, एक टेबल, एक दिवा आणि दोन्ही बाजूंना आडोसा असतो. राजस्थानच्या गावागावांतून आलेली मुले त्या आडोशात दिवसाचे दहा-दहा तास बसतात.

गोपालपुऱ्यात मराठी मुले तुरळकच. परंतु मराठी पालकाला ते चित्र परके वाटणार नाही. पुण्यातील सदाशिव पेठ आणि नारायण पेठेतील अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांसाठी आलेली गावोगावची मुले, मेस आणि कॉटबेसिसवरच्या खोल्या हे त्याचेच मराठी रूप. लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी येणारी मुले आणि त्यांच्यासाठी संसार हलवून भाड्याच्या घरात राहणाऱ्या आया हे त्याचे दुसरे रूप. दहावीनंतर कोट्याला जाणारी मराठी मुले तर आता नवलाची राहिलेली नाहीत. गोपालपुरा, कोटा, लातूर आणि सदाशिव पेठ या चार नावांत भाषेचा फरक आहे. खोलीतील शांततेचा नाही.

तेथे पोहोचलेल्या मुलासमोर प्रथम एक अंकगणित उभे असते. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्या वेळी एमबीबीएसच्या जागा देशात एक लाखाच्या थोड्या वर होत्या. राजस्थानात २०२५ मध्ये चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या ५३,७४९ जागांसाठी चोवीस लाखांहून अधिक अर्ज आले. सर्व मुलांनी सारखेच कष्ट केले, सर्वांची बुद्धी सारखीच तल्लख असली, तरीही बहुसंख्य मुले यादीबाहेर राहणार, हे या अंकगणितानेच ठरवून टाकले आहे. अपयश हा तेथे अपवाद नाही. ती व्यवस्थेची रचना आहे. मुलगा मात्र ते अपयश आपल्या स्वभावाचा दोष म्हणून स्वीकारतो आणि घरच्यांपासून लपवतो.

आता अशा एका इमारतीतील चार खोल्या डोळ्यांसमोर आणाव्यात. यातील मुले कल्पित आहेत. त्यांची लक्षणे मात्र शिक्षकांना आणि डॉक्टरांना नित्य परिचयाची आहेत.

पहिल्या खोलीतील मुलाला कोणताही आजार नाही आणि त्याचे मनही बहरलेले आहे. चाचणीत गुण घसरले तेव्हा तो रडला. रात्री बहिणीशी फोनवर बोलला, जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गाला गेला. रविवारी सकाळी तो क्रिकेट खेळतो. हे सारे आपण कशासाठी करीत आहोत हे त्याला ठाऊक आहे आणि ते जमले नाही तर काय करावयाचे याचाही त्याने थोडा विचार केला आहे. रडणे ही त्याच्या स्वास्थ्याच्या विरुद्ध गोष्ट नाही. दुःख जाणवणे आणि ते ओसरणे, या दोन्ही गोष्टी स्वस्थ मनाच्याच खुणा आहेत.

दुसऱ्या खोलीतील मुलालाही आजार नाही. डॉक्टरांकडे नेले तर ते कोणतेही निदान लिहिणार नाहीत. त्याचे गुण बरे आहेत. परंतु महिनोन्‌महिने त्याचे कोणाशी मनमोकळे बोलणे झालेले नाही. तो एकटा जेवतो. घरून फोन आला की 'ठीक आहे' एवढेच म्हणतो आणि ते खोटेही नसते. त्याला वाईट वाटत नाही, तसेच चांगलेही वाटत नाही. दिवस उगवतो आणि मावळतो. हा कोमेजलेला मुलगा कोणाच्याही यादीत नसतो. पालक त्याला 'शहाणा', शिक्षक 'शिस्तीचा' म्हणतात. चौघांपैकी सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडे जाते.

तिसऱ्या खोलीतील मुलगी आजारी आहे आणि तिचे मनही विझलेले आहे. तीन आठवड्यांपासून तिला पहाटे तीनलाच जाग येते. जेवण जात नाही. एकच पान ती पुन्हा पुन्हा वाचते आणि काहीच ध्यानात राहत नाही. पूर्वी गाणे आवडायचे. आता नकोसे वाटते. आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत, असा विचार तिच्या मनातून हटत नाही. घरून तिला सांगितले जाते, "मन घट्ट कर. इतरांना जमते, तुला का नाही?" तापाने फणफणलेल्या मुलाला 'थंड हो' म्हणण्यासारखेच हे आहे.

चौथ्या खोलीतील मुलीला मंत्रचळ आहे. हात पुन्हा पुन्हा धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे या कृतींत तिचे पूर्वी तास जात. मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती औषध घेते आणि वर्तनोपचाराचा अभ्यास करते. आजार पूर्ण गेलेला नाही. अधूनमधून तो डोके वर काढतो. परंतु सोबतच्या मुलीला तिने तो मोकळेपणाने सांगितला आहे. मेसमधील एका मावशींच्या मुलाला ती गणित शिकवते. ती हसते, भांडते, पुढचे बेत आखते. तिला आजार आहे आणि तिच्याजवळ स्वास्थ्यही आहे.

एकाच रेषेच्या समजुतीत पहिली आणि तिसरी खोली तेवढी दिसते. दुसरी आणि चौथी खोली दिसतच नाही. वास्तविक पालकांना आणि शिक्षकांना ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकावयाचे आहे, अशी माणसे याच दोन खोल्यांत राहतात.

तिसऱ्या खोलीबद्दल अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण तेथे विलंबाची किंमत फार मोठी असते. साधी उदासी आणि नैराश्याचा आजार यांत फरक करण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: कालावधी, तीव्रता आणि रोजच्या कामावरील परिणाम. खिन्नता किंवा आवडत्या गोष्टींतील रस नाहीसा होणे हे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतांश काळ राहिले. त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, शक्ती यांत बिघाड झाला. निरर्थकपणाची किंवा मरणाची भावना येऊ लागली. आणि त्यामुळे मुलाचा दिनक्रम कोलमडला, तर तो स्वभाव नव्हे, लाड नव्हे, आळसही नव्हे. तो आजार असण्याची दाट शक्यता आहे आणि त्याची तपासणी झाली पाहिजे. मरणाचे विचार बोलून दाखवले गेले असतील, तर मात्र दोन आठवडे मोजीत बसू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी.

ती तपासणी कोणी करावयाची, याबद्दलही घरांत गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर या शाखेत विशेष शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. निदान करणे आणि औषध देणे हे त्यांचे काम. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात; ते औषध देत नाहीत. समुपदेशक अडचणीतून वाट काढण्यास साहाय्य करतात आणि आजाराची शंका आल्यास पुढे पाठवतात. नैराश्यावरील औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत गुण आला नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता अचानक बंदही करू नयेत.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये राजस्थानसह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. मनोविकारांपैकी सुमारे एक तृतीयांशांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौदावे वर्ष म्हणजे आठवी-नववी. मूल गोपालपुऱ्याला किंवा लातूरला पोहोचण्यापूर्वीच, ते शाळेच्या बाकावर असतानाच, हा प्रश्न सुरू झालेला असतो. दूरच्या शहराला दोष देऊन शाळा आणि घर मोकळे होऊ शकत नाहीत.

उपचारांपासून दूर राहण्याचे एक कारण डॉक्टरांची कमतरता हे आहेच. दुसरे कारण आपल्या बोलीत आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी ठाणे आणि येरवडा या गावांची नावेच मराठीत थट्टेचा विषय झाली. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या विनोद म्हणून उच्चारले गेले. हा विनोद ऐकत वाढलेल्या मुलाने 'मला डॉक्टरांकडे न्या' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही वैद्यकीय विमा मिळावा, अशी तरतूद त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून, तिला शिक्षेपेक्षा आधार द्यावा, हे तत्त्वही त्यात आले. कायदा पुढे गेला. घरातली भाषा मागे राहिली.

याच विषयात काम करणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र भाषेचीच दुरुस्ती करून दाखवली आहे. मनोविकारग्रस्तांच्या स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला 'शुभंकर' म्हणतात. 'वेडा' या शब्दाने जे दार बंद होते, ते 'शुभार्थी' या शब्दाने किलकिले होते. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनियाचा आजार होता. तो लपवण्याऐवजी त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी करण्यात पुढाकार घेतला. याच आजारावरील सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ मध्ये आला. याच दिग्दर्शकद्वयाच्या, नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाची कथा सांगणाऱ्या 'कासव' या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. ज्या गावाचे नाव थट्टेचे झाले होते, त्याच गावात आजारावरील उपचार आणि मनस्वास्थ्याची जोपासना ही दोन्ही कामे एका छपराखाली चालू लागली. चौथ्या खोलीचे दार अशाच प्रयत्नांमुळे उघडते. आजार असलेल्या माणसाला मैत्री, काम, सन्मान आणि हेतू यांची गरज इतरांपेक्षा तसूभरही कमी नसते, हे या सर्व कार्याचे सार आहे.

आता उलट बाजूची चूकही पाहावयास हवी. अलीकडे 'डिप्रेशन' हा शब्द मुलांच्या तोंडी फार सहज आला आहे. सामना हरला की डिप्रेशन, मैत्रिणीने उत्तर दिले नाही की डिप्रेशन. परीक्षेआधीची धडधड, अपयशानंतरची खिन्नता, घरापासून दूर गेल्यावरची हुरहूर हे मनोविकार नव्हेत. त्यांना आजार म्हटल्याने दोन तोटे होतात. खरोखर आजारी असलेल्याचे म्हणणे पातळ होते, आणि स्वस्थ मुलाचा स्वतःच्या सोसण्याच्या शक्तीवरील विश्वास कमी होतो.

तिसरा तोटा अधिक खोल आहे. दुसऱ्या खोलीतील मुलाला जर आपण आजारी ठरवले, तर त्याची खोली, त्याचे वेळापत्रक, त्याच्यावरील अपेक्षा यांत काहीच बदलण्याची गरज उरत नाही. त्याला समुपदेशकाकडे पाठवले की सर्वांचे कर्तव्य संपते. परंतु त्याला गोळीची गरज नाही. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. त्याला सहा तासही मिळत नाहीत. त्याला सोबत जेवणारा मित्र हवा. खेळण्यासाठी आठवड्यातून एक मोकळी सकाळ हवी. गुणांच्या पलीकडे आपली काही ओळख आहे, असे सांगणारे कोणीतरी हवे. मनोविकाराचा उपचार तज्ज्ञ करतो. मनस्वास्थ्याची मशागत मात्र घर, शाळा, वर्ग, मित्र आणि शासन यांनी मिळून करावयाची असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर आहे. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. आजार, एकाकीपण, अपयश, घरातील परिस्थिती असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. म्हणूनच केवळ डॉक्टर किंवा केवळ उपदेशक तो गुंता सोडवू शकत नाही.

विशाखापट्टणम येथे 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. त्यांकडे दोन रेषांच्या दृष्टीने पाहिले तर ते चटकन उलगडतात. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत, शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, हे निर्देश आजाराच्या रेषेवरचे आहेत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या वेगळ्या करू नयेत, चारचौघांत मानहानी करू नये, झेपणार नाही असे लक्ष्य लादू नये, हे निर्देश स्वास्थ्याच्या रेषेवरचे आहेत. त्यापूर्वी, जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मध्येच वर्ग सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे त्यांत म्हटले आहे. शुल्क परत करण्याचे कलम वरकरणी पैशाचे दिसते. पण 'बाबांनी भरलेले पैसे बुडतील' या एका विचाराने किती मुले नको असलेल्या खोलीत दिवस काढतात, हे ध्यानी घेतले तर ते कलम मनस्वास्थ्याचेच आहे. राजस्थान विधानसभेनेही शिकवणी केंद्रांच्या नियमनाचे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये संमत केले. गोपालपुऱ्याच्या फलकांवरील चेहरे त्यामुळे उतरतील असे नाही. परंतु फलकावर न आलेल्या चेहऱ्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आता कायद्याच्या भाषेत विचारला गेला आहे.

पालकांच्या हाती यातले काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्याचा आरंभ रोजच्या फोनपासून होतो. 'आज किती गुण मिळाले?' या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळते आणि संभाषण संपते. 'आज कोणाबरोबर जेवलास? झोप लागली का? हसू आले असे काही घडले का?' या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या रेषेवरची खबर आणतात. सलग काही दिवस उत्तरे 'कोणीच नाही', 'नाही', 'काही नाही' अशी आली, तर फोनवर समजावत बसण्यापेक्षा गाडी पकडून भेटायला जावे. मुलाच्या बोलण्यात मरणाची भाषा आली तर ती नाटक समजून उडवून लावू नये. त्याबद्दल शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट सांगण्याची वाट मोकळी होते. त्याला एकटे ठेवू नये आणि लगेच तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे; तेथे अहोरात्र, मराठीसह अनेक भाषांत बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या दप्तरात आणि पालकाच्या फोनमध्ये, गरज पडण्याच्या आधीपासून असावा.

दूरगावी पाठवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घरात मोठ्याने बोलली गेली पाहिजे: परत येण्याची. 'जमले नाही तर परत ये, घर आहे' हे वाक्य बहुतेक आईवडिलांच्या मनात असते. ते उच्चारलेले मात्र नसते, आणि मुलाला मनातले ऐकू येत नाही. हे वाक्य ऐकलेले मूल कमी कष्ट करते, ही भीती निराधार आहे. पायाखाली जमीन आहे हे ठाऊक असलेला माणूसच निर्धास्तपणे उंच चढतो.

माजी विद्यार्थ्यांचा वाटा याहून वेगळा आणि मोलाचा आहे. आज या सभागृहात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, तसेच शेती, दुकान, गॅरेज सांभाळणारेही आहेत. पहिल्या प्रयत्नात नापास झालेले, वाट बदललेले, कधी मनाच्या आजारातून गेलेले आणि आज भरल्या घरात नांदणारेही असतील. वार्षिक समारंभात मुलांसमोर बहुधा फलकावरची नावे उभी केली जातात. त्यांच्याबरोबर अशाही एखाद्या माजी विद्यार्थ्याने उभे राहून, आपल्याला हवे ते मिळाले नाही आणि तरीही आयुष्य कसे उभे राहिले, हे पाच मिनिटे सांगितले, तर त्या पाच मिनिटांचा उपयोग एखाद्या मुलाला दहा वर्षांनी, दूरच्या शहरातील एखाद्या खोलीत होईल. शहरांत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावी शिकायला आलेल्या शाळेच्या मुलाला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलावले, तर दुसऱ्या खोलीचे दार ठोठावल्यासारखे होईल. वरणभाताच्या ताटाशी मराठीत झालेल्या तासाभराच्या गप्पा हा आजारावरचा उपचार नव्हे; तो स्वास्थ्याचा खुराक मात्र नक्कीच आहे.

समर्थ रामदासांनी मनाला सज्जन म्हणून संबोधले आणि दोनशे पाच श्लोक त्याच्याशी बोलण्यात खर्ची घातले. ज्या भाषेत मनाशी इतक्या आदराने बोलण्याची परंपरा आहे, त्या भाषेच्या शाळेत मुलाच्या मनाविषयी बोलण्यास संकोच का असावा? आजार असेल तर त्याला आजार म्हणावे आणि उपचार करावेत. दुःख असेल तर त्याला दुःख म्हणावे आणि सोबत करावी. कोमेजलेपण असेल तर पाणी कोठे कमी पडले ते शोधावे. वैद्यकीय तपासणीच्या तक्त्यात मनाचा रकाना शासन केव्हा आणील ते आणो. शिक्षक आणि पालक यांच्या मनात तो आजपासून असू शकतो, आणि तो भरण्यासाठी मुलाजवळ दहा मिनिटे बसावे लागते, एवढेच.